वाचक विचारतात: गल्लीतल्या क्यूबन हॉटेलात काय मागवावं, घरी काय करावं

मुलाबाळांकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या आणि जायच्या तयारीत असलेल्या सीमाभागातल्या वाचकांची या वेळची पत्रं एकाच विषयावर आहेत, क्यूबन जेवण. मोठ्या थाटाची हॉटेलं आम्ही बाजूला ठेवली आहेत. कोपऱ्यावरचं, फॉर्मायकाच्या टेबलांचं, दुपारी कामगार आणि संध्याकाळी घरची मंडळी भरणारं जे साधं हॉटेल असतं, त्याबद्दलच ही उत्तरं आहेत.

आम्ही दोघं जुलैत मुलाकडे जातोय. तो न्यू जर्सीत युनियन सिटीला राहतो आणि घराखालीच क्यूबन हॉटेल आहे म्हणतो. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. भात, काळा घेवडा आणि तळलेली केळी तिथं रोज मिळतात असं कळलं. हे डोळे मिटून खायला हरकत नाही ना?
— वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

हरकत आहे. विचारल्याशिवाय खाऊ नका. युनियन सिटीला 'हडसनवरचं हवाना' म्हणतात. 1959 च्या क्रांतीनंतर बाहेर पडलेली बरीच क्यूबन कुटुंबं तिथं आणि शेजारच्या वेस्ट न्यूयॉर्क गावात स्थायिक झाली, आणि बर्गनलाइन अव्हेन्यूवर अजूनही त्यांची हॉटेलं आहेत. तिथलं जेवण अस्सल असतं, म्हणूनच त्यात डुकराची चरबी असण्याची शक्यता जास्त.

काळ्या घेवड्याची आमटी, म्हणजे फ्रिहोलेस नेग्रोस, वरून पूर्ण शाकाहारी दिसते. पण पुष्कळ ठिकाणी ती शिजतानाच तिच्यात हॅमचं हाड किंवा बेकनचा तुकडा पडतो आणि वाढायच्या आधी तो काढून घेतात. वाटीत काहीच दिसत नाही. भात आणि घेवडा एकत्र शिजवलेला असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. त्या भाताला मोरोस किंवा कोंग्री म्हणतात आणि त्याची फोडणीच बहुतेकदा बेकनच्या सुटलेल्या चरबीत होते. त्यामुळे पांढरा भात वेगळा आणि आमटी वेगळी मागवणं बरं. केळी ज्या तेलात तळतात, त्याच कढईत हॅमच्या क्रोकेतास, म्हणजे लांबट कटलेट, तळल्या जातात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी तळलेलं सगळंच वर्ज्य धरावं.

'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून भागत नाही. वाढणाऱ्याच्या दृष्टीनं मांस म्हणजे मुख्यतः गोमांस. 'सिन कार्ने', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मांस नको', म्हणालात, तर तो प्रामाणिकपणे गोमांस वगळेल आणि हॅम ठेवेल. एकेक नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन पुएर्को, सिन हामोन, सिन पोयो, सिन मान्तेका. म्हणजे गोमांस, डुक्कर, हॅम, कोंबडी आणि चरबी, यांतलं काही नको. मेनूवर रोमन लिपीतलं 'जे' हे अक्षर 'ह' असं वाचायचं, हे लक्षात ठेवलं की नावं सापडतात. मुलाला हे शब्द एका कागदावर लिहून द्यायला सांगा आणि तो कागद काउंटरवर दाखवा. गर्दीच्या वेळेपेक्षा दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला गेलात, तर आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून यायला त्यांना सवड असते.

उत्तर समाधानकारक मिळालं की हे मागवा: पांढरा भात, काळ्या घेवड्याची आमटी, दोन तळलेली अंडी, मादुरोस म्हणजे पिकलेल्या केळ्याचे काप, युका नावाचा उकडलेला कंद आणि त्यावर मोहो हा लसणाचा सॉस, अवोकाडो आणि कच्च्या कांद्याची कोशिंबीर. गोडात फ्लान या कॅरॅमल पुडिंगमध्ये अंडं असतं, तुम्हाला चालेल. आरोस कोन लेचे ही दालचिनी घातलेली तांदळाची खीर, तीत बहुधा अंडं नसतं. पेरूच्या गराची पास्तेलितो ही खारी बिस्किटासारखी दिसणारी गोष्ट मोह घालते, पण तिच्या पापुद्र्यात पूर्वापार चरबी घालतात. तसंच टेबलावर आपण होऊन येणाऱ्या बटर लावलेल्या पावाचं. क्यूबन पावाच्या कणकेत चरबी घालण्याची रीतच आहे. या दोन्हींबद्दल वेगळं विचारायला हवं. तामाल तर मागवूच नका: मेक्सिकन तामालमध्ये सारण आत भरतात, क्यूबन तामालमध्ये मांस मक्याच्या पिठातच कालवलेलं असतं, बाजूला काढता येत नाही.

मांसाहार करतो, पण गोमांस नाही. मेनूतली कोणती नावं टाळायची?
— वाचक, निपाणी

रोपा व्येहा, वाका फ्रिता, पिकादियो, बिस्तेक दे पालोमिया, बोलिचे, कार्ने कोन पापा आणि फ्रिता नावाचा बर्गर ही सगळी गोमांसाची नावं. एम्पानादा, म्हणजे मांसाचं सारण भरलेली करंजी, विचारून घ्या, ती कोंबडीचीही मिळते. लेचोन म्हणजे डुक्कर.

तुमच्यासाठी आरोस कोन पोयो आहे, कोंबडी आणि भात एकत्र शिजवलेला. त्याचा पिवळा रंग हळदीचा नसून बहुधा शेंदरी बियांच्या बिहोल नावाच्या पुडीचा असतो. फ्रिकासे दे पोयो म्हणजे कोंबडीचा बटाटे-ऑलिव्ह घातलेला रस्सा, भातावर छान लागतो. मासे खात असाल तर पारगो फ्रितो पाहा. ती आपल्या तांबोशीच्या जातकुळीतली लाल मासळी, अख्खी तळून येते. कामारोनेस एन्चिलादोस या नावावरून तिखटाचा भास होतो, पण तो टोमॅटोच्या रश्श्यातला सौम्य कोळंबीचा प्रकार आहे.

क्यूबन म्हणजे मेक्सिकनसारखं तिखट असतं का? तिखट नसेल तर आमच्या तोंडाला चव कशी यायची?
— वाचक, खानापूर

तिखट नसतं. मक्याची पोळी, मिरचीचा ठेचा, चुरचुरीत टाको यांतलं काही या जेवणात नाही. चव येते ती लसूण, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, जिरं, ओरेगानो, तमालपत्र आणि आंबट संत्र्याचा रस यांतून. टेबलावर तिखट सॉसची बाटली मागितली तर मिळते आणि कुणी वाईट मानत नाही. पण पहिले चार घास तसेच खाऊन पाहा. आमटीतला तमालपत्राचा आणि जिऱ्याचा वास तिखटाखाली पूर्ण दबतो.

बिल, टिप, जेवणाचं प्रमाण यांबद्दल लिहा. मायामीत मुलीकडे गेल्यावर कॉफीच्या खिडकीशी गोंधळ उडतो असं ऐकलं.
— वाचिका, शहापूर, बेळगाव

एका मुख्य पदार्थाबरोबर बहुतेक ठिकाणी दोन जोड येतात, भात-घेवडा आणि केळी. एवढं ताट आपल्या दोन माणसांना पुरतं. एक ताट आणि एक जादा जोड मागवा, उरलं तर डबा मागा, तो आनंदानं देतात. वारांप्रमाणे ठरलेले पदार्थ असतात आणि ते यादीतल्या इतर पदार्थांपेक्षा ताजे आणि स्वस्त पडतात. म्हणून फळ्यावर किंवा कागदावर लिहिलेलं आधी वाचा.

टेबलावर वाढलं तर 18 ते 20 टक्के टिप द्यायची, ती कराच्या आधीच्या रकमेवर धरली तरी चालते. न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के आहे, तो बिलात वेगळा दिसतो. मायामीत मात्र पुष्कळ हॉटेलं सेवेची रक्कम बिलात आधीच धरतात. 'ग्रॅच्युइटी' किंवा 'प्रोपिना' अशी ओळ दिसली तर वर काही देणं तुमच्या खुशीवर. न पाहता दोनदा टिप देऊन येणारे पाहुणे खूप.

खिडकीचं असं आहे. मायामीत क्यूबन हॉटेलांना रस्त्याकडे उघडणारी खिडकी असते, वेन्तानिता. तिथं उभ्यानं कॉफी प्यायची. काफेसितो म्हणजे एक छोटा घोट, साखर घालूनच केलेला. कोर्तादितो म्हणजे तीच कॉफी थोड्या दुधाची. काफे कोन लेचे हा मोठा पेला, भरपूर गरम दुधाचा, सकाळी बटर लावलेल्या पावाबरोबर घेतात आणि आपल्या मंडळींना हाच आवडतो. कोलादा मागितलीत तर एक मोठा कप आणि बरोबर टोपणाएवढे प्लॅस्टिकचे पेले मिळतात. ती चार-पाच जणांनी वाटून घ्यायची कॉफी आहे. एकट्यानं ती सगळी प्यायली तर रात्रभर झोप नाही.

काळा घेवडा आमच्याकडे मिळत नाही. राजम्यानं चालेल का? प्रमाण आणि कृती नीट द्या. तीनदा केलं, एकदा दाणे कच्चे राहिले आणि दोनदा राजमा मसालाच झाला.
— वाचिका, हल्याळ

चालेल, आणि त्यात काही कमीपणा नाही. क्यूबाच्या पश्चिमेला, हवानाकडे, काळा घेवडा खातात. पूर्वेला, सांतियागोच्या बाजूला, लाल घेवडा घालून भात करतात आणि कोंग्री हे नाव मुळात त्या लाल घेवड्याच्या भाताचं. लहान दाण्याचा लाल राजमा घेतलात की तुम्ही पूर्वेची कोंग्री करताय. काळा राजमा हवाच असेल तर ऑनलाइन मिळतो. चवळी घेऊ नका, लवकर फुटते आणि तिची चव वेगळी. अख्खा उडीद तर अजिबात नको, सगळं चिकट होतं.

आधी तुमच्या दोन तक्रारी. दाणे कच्चे राहायची कारणं तीन: राजमा जुना असणं, पाणी जड असणं, किंवा आंबट आधी पडणं. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात कुठलंही कडधान्य हट्ट करतं, तेव्हा भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही दाणा पूर्ण मऊ होईपर्यंत घालायचं नाही. आंबटानं सालाचा चिवटपणा टिकून राहतो आणि मग कितीही शिट्ट्या केल्या तरी उपयोग नाही. राजमा मसाला होतो तो हळद, लाल तिखट, गरम मसाला, आलं आणि कोथिंबीर हाताच्या सवयीनं पडल्यामुळे. यांतलं एकही घालू नका. आल्याचा एक तुकडासुद्धा सगळं चित्र पालटतो.

कोंग्रीसाठी एक वाटी लाल राजमा दहा तास भिजवा. ते पाणी टाकून द्या. चार वाट्या ताजं पाणी, अर्धी ढोबळी मिरची आणि एक तमालपत्र घालून कुकरला लावा. एक शिट्टी झाली की मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा बोटांत सहज दबला पाहिजे, पण साल फाटलेलं नको, कारण भाताबरोबर तो पुन्हा शिजायचा आहे. पाणी गाळून जपून ठेवा. भाताचा रंग आणि अर्धी चव त्यातच आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवा. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं. बारीक चिरलेला एक मोठा कांदा आणि एक हिरवी ढोबळी मिरची मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कांदा पारदर्शक आणि मऊ व्हायला हवा, लाल नाही. इथंच बहुतेकांचं चुकतं, भाजीच्या सवयीनं कांदा खरपूस होतो आणि आमटीला तपकिरी कडवटपणा येतो. मग ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, एक चहाचा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगानो आणि मीठ. अर्धा मिनिट परतून राजमा घाला.

ओरेगानोबद्दल एक आनंदाची गोष्ट. तुमच्या परसात जो पानओवा आहे, कन्नड शेजारी ज्याला दोड्डपत्रे म्हणतात, तीच जाड, लवदार पानांची वनस्पती कॅरिबियन बेटांवर ओरेगानो म्हणून स्वयंपाकात वापरतात, आणि जगभर रोपवाटिकांत तिला 'क्यूबन ओरेगानो' याच नावानं विकतात. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवण्यापेक्षा हा ताजा पाला घ्या. एवढ्या राजम्याला तीन मध्यम पानं, अगदी बारीक चिरून, लसणाबरोबर तेलात. चारच्या वर गेलात तर ओव्याचा उग्रपणा येतो आणि पदार्थ काढ्याच्या वासाचा होतो. ही पानं आहेत म्हणून वाळलेला ओरेगानो वेगळा घालू नका.

तांदूळ दोन वाट्या, जुना सोनामसुरी. इंद्रायणी गोळा होतो. बेळगावचा वासाचा तांदूळ चांगला, पण त्याचा वास आणि जिऱ्याचा वास एकमेकांशी झगडतात, तो वरणभातासाठी राहू द्या. तांदूळ धुऊन निथळून फोडणीत दोन मिनिटं परता, राजम्याचं गाळलेलं पाणी साडेतीन वाट्या मोजून गरम करून ओता. कमी पडलं तर साधं पाणी मिळवा. चव पाहून मीठ थोडं पुढे ठेवा, भात ते ओढून घेतो. एक उकळी, मग झाकण आणि अगदी मंद आच, अठरा ते वीस मिनिटं. एकदाही ढवळू नका. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकलेलंच ठेवा आणि काट्यानं मोकळा करा.

नुसती आमटी करायची असेल तर राजमा पूर्ण मऊ शिजवा, फोडणीत घालून एक पळीभर दाणे पातेल्यातच चेचा, वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळू द्या. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक चहाचा चमचा साखर. ही आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

एक सूचना जीव तोडून सांगतो. अमेरिकेतल्या मुलामुलींकडे स्लो कुकर असतो. भिजवलेला कच्चा राजमा थेट त्यात टाकू देऊ नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळ उकळीनं नष्ट होतं, स्लो कुकरच्या मंद उष्णतेनं होत नाही, आणि मग उलट्या-जुलाब होतात. आधी गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळ उकळा. आपला प्रेशर कुकर या बाबतीत सुरक्षित आहे.

तोस्तोनेससाठी कोणती केळी घ्यायची? भाजीच्या केळ्याची केली, ती चिरडताना फुटली.
— वाचक, कारवार

तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे चिरडून दोनदा तळलेले तुकडे. तुमच्याकडे राजेळी मिळतात, मग प्रश्न सुटलाच. बेळगावकरांनी गोव्याकडून येणारी राजेळी किंवा वेफर्सवाल्यांकडची नेंद्र केळी मागावीत. भाजीची केळी चालतात, पण आतून ओलसर राहतात. जवारी केळी यासाठी नाहीतच.

केळं हिरवंगार, टणक हवं. साल चिकटून बसतं, म्हणून दोन्ही टोकं कापा, लांबीला तीन चिरा द्या आणि मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून अंगठ्यानं साल ढकला. हात काळे होत नाहीत. एक इंच जाडीचे तुकडे करा. पहिलं तळण मध्यम तेलात, 160 अंशांच्या आसपास, दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटं. रंग फिकट पिवळाच राहिला पाहिजे. बाहेर काढून मिनिटभरात चिरडायचे. तुमचे तुकडे फुटले ते गार झाल्यावर चिरडल्यामुळे, किंवा आतून शिजले नव्हते म्हणून. दोन केळीच्या पानांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या वाटीनं सरळ खाली दाबा, तिरकं नको. साधारण पाव इंच जाडी राहू द्या. मग लसूण चेचून घातलेल्या मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून फडक्यानं नीट कोरडे करा. ओले तसेच सोडलेत तर तेल अंगावर उडेल. दुसरं तळण कडक तेलात, 180 ते 190 अंश, दोन-तीन मिनिटं. मीठ गरम असतानाच. अर्ध्या तासात चामट होतात, तेव्हा माणसं पानावर बसल्यावर दुसरं तळण करा.

मादुरोससाठी याच्या अगदी उलट. साल जवळपास काळं पडलेलं राजेळी घ्या. पिवळं केळं तळलं तर गोडी येत नाही. तिरके काप, मध्यम आच. त्यात साखरच इतकी असते की मोठ्या आचेवर बाहेरून जळतं.

एकादशीला तिथं काय खाता येईल?
— वाचिका, भालकी, बिदर

युका, म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तोच कंद, आणि बोनियातो, म्हणजे पांढऱ्या गराचं रताळं. दोन्ही उकडून, वर नुसतं मीठ आणि लिंबू. मोहो नको म्हणून सांगा, त्यात लसूण असतो. तळलेला युका नको, कढई सामायिक असते. मुलाच्या घरी करायचा असेल तर सोललेला गोठवलेला युका दुकानात मिळतो. ताजा आणलात तर जाड साल आणि त्याखालचा गुलाबी थर दोन्ही काढा, भरपूर पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडा, पाणी फेकून द्या आणि मधली दोरी काढा. हा कंद कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधीही खायचा नाही, त्यात सायनाइड तयार होतं.

रोपा व्येहा मटणाची करता येईल का?
— वाचक, हिंडलगा

रोपा व्येहा म्हणजे शिजवून धागे सोडवलेल्या मांसाचा टोमॅटोतला रस्सा. मटणाची करता येईल, आणि हवानातही करतात. क्यूबात गुरं कापण्यावर सरकारचं कडक नियंत्रण अनेक दशकं होतं, 2021 मध्ये ते थोडं सैल झालं. 1990 च्या दशकात घरगुती खासगी हॉटेलांना, म्हणजे पालादारांना, परवानगी मिळाली तेव्हा सुरुवातीला बारा खुर्च्यांचीच मर्यादा होती. अशा हॉटेलांत मेंढीच्या मटणाची रोपा व्येहा सर्रास मिळते. ते काही आपण केलेलं रूपांतर नाही.

खरी अडचण खाटकाकडे येते. आपल्याकडे मटण हाडासकट बारीक तोडून देतात, त्याचे धागे निघत नाहीत. मागच्या मांडीचं (रानाचं) बिनहाडी मांस, पाव-पाव किलोचे तीन अख्खे तुकडे मागा. कांदा, तमालपत्र आणि मीठ घालून कुकरला एक शिट्टी आणि मंद आचेवर अर्धा तास. मटण रश्श्यातच कोमट होऊ द्या, बाहेर काढून गार केलंत तर कोरडं पडतं. मग धाग्याच्या दिशेनं बोटभर लांबीचे तंतू सोडवा. चार चमचे तेलात उभा चिरलेला कांदा, एक हिरवी आणि एक लाल ढोबळी मिरची मऊ करा, पाच पाकळ्या लसूण, एक चमचा जिरेपूड, तीन टोमॅटोंचा गर घालून तेल सुटू द्या. मटण, दीड वाटी रस्सा, एक चमचा व्हिनेगर, दहा-बारा हिरवी ऑलिव्ह. वीस मिनिटं उघडं शिजवा. रस मटणाला धरून राहील इतपत दाट व्हायला हवा, ताटात वाहता नको. भाकरीबरोबरही खाता येतं, पण पांढऱ्या भातावर ते जास्त खुलतं.

आम्ही ऊस पिकवतो. क्यूबाही उसाचा देश ना? तिथल्या हॉटेलात उसाचा रस मिळतो का? आणि कॉफीवरचा तो फेस साखरेचा असतो म्हणतात, तो कसा करतात?
— वाचक, संकेश्वर

होता, असं म्हणावं लागेल. 1970 च्या हंगामात एक कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवून त्यांनी सुमारे 85 लाख टन काढली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हक्काचा ग्राहक गेला, 2002 मध्ये जवळपास निम्मे कारखाने बंद केले, आणि अलीकडच्या हंगामांत उत्पादन 5 लाख टनांच्याही खाली आलं आहे. ऊसकऱ्यांच्या घरात या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. रस मात्र मिळतो, ग्वारापो नावानं, मायामीत तर हमखास. आलं नसतं, लिंबू मागितलं तर पिळतात.

फेस साखरेचाच. तीन कपी मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी वर चढवणारं भांडं, घ्या. पाणी आतल्या झडपेच्या खालपर्यंत, गाळणीत गडद भाजलेली बारीक पूड सपाट भरा, दाबू नका. दाबली तर पाणी वर चढत नाही. पूड चिकोरी नसलेली हवी. चिकोरीच्या मिश्रणानं गाळणी तुंबते. वेगळ्या भांड्यात चार चहाचे चमचे साखर. आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरला एकदाच फिरवून घ्या. कॉफीचे पहिले, सर्वांत दाट थेंब आले की त्यातली फक्त एक ते दीड चमचा साखरेवर घाला आणि मोका पॉट पुन्हा मंद आचेवर ठेवा. साखर दोन मिनिटं जोरात फेटा, घरी इन्स्टंट कॉफी फेटतो तसा फिकट रंग येईपर्यंत. कॉफी जास्त पडली तर साखर विरघळून पाक होतो आणि फेस येत नाही. तसं झालं तर चमचाभर साखर आणखी घाला. मोका पॉट घुरघुरू लागला की उतरवा, उरलेली कॉफी हळूहळू साखरेवर ओता. फेस आपोआप वर येतो.

क्यूबन सँडविच बेळगावात, हॅमशिवाय, जमेल का?
— वाचक, कॅम्प, बेळगाव

मूळ सँडविचमध्ये पाच गोष्टी: भाजलेलं डुक्कर, हॅम, स्विस चीज, काकडीचं व्हिनेगरातलं लोणचं, पिवळ्या मोहरीचा सॉस. टँपा शहरात सलामीही घालतात, कारण तिथल्या ईबोर सिटीत क्यूबन सिगार कामगारांच्या शेजारी इटालियन राहत होते. 2012 मध्ये टँपाच्या नगर परिषदेनं त्या सँडविचला शहराचं खास सँडविच म्हणून मान्यताही दिली.

डुकराऐवजी कोंबडीचं बिनहाडी मांडीचं मांस घ्या, अर्धा किलो. आठ पाकळ्या लसूण मिठाबरोबर ठेचा, अर्धा चमचा जिरेपूड, पाव वाटी संत्र्याचा रस आणि त्याच्या निम्मा लिंबाचा रस. आंबट संत्र्याच्या जागी हेच दोनास एक प्रमाण धरायचं. चार तास मुरवून भाजा आणि पातळ कापा. हॅमऐवजी चिकन सलामी. शाकाहारी करायचं तर मुरवलेलं पनीर कोरडं भाजून घ्या, मात्र त्याला क्यूबन सँडविच म्हणून विकू नका.

पाव हा निम्मा पदार्थ आहे. बेकरीत एक फूट लांबीचा, पातळ सालीचा, आतून हलका पाव सांगून करून घ्या, कणकेत चरबीऐवजी वनस्पती तूप. बर्गरचा गोड बन दाबल्यावर लगदा होतो. पाव आडवा चिरून आतल्या दोन्ही बाजूंना मोहरीचा सॉस, मग मांस, सलामी, लोणचं, आणि चीज दोन्ही पावांना चिकटून, म्हणजे ते वितळून सगळं धरून ठेवतं. आमचं कैरीचं लोणचं नको, तेल आणि तिखट सगळ्यावर चढतं. टोमॅटो, कोबी, मेयोनीजही नको. त्यांच्या पाण्यानं आत वाफ धरते आणि पाव मऊ पडतो.

बाहेरून लोणी लावा. तव्यावर मंद आचेवर ठेवून वर दुसरा जड तवा, त्यावर भरलेला तांब्या किंवा खलबत्ता. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग उलटून तेवढीच. सँडविच निम्म्या उंचीचं झालं आणि कडेनं चीज बाहेर डोकावलं की उतरवा. आच मोठी असेल तर साल करपते आणि मधलं चीज थंडच राहतं. तिरकं कापून लगेच वाढा.